मेंढीविना लोकर

वर्ध्यात राहून लोकरीचे विणकाम करणे म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखे आहे, असे आमचे हे म्हणतात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढलेला असताना मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेल्या बाईकडे पाहून कुणालाही तसे वाटेल. पण विणणारीला ऋतू लागत नाही, निमित्त लागते.

यंदाचे निमित्त पुण्याचे. बाळ येणार म्हटल्यावर मी सुया काढल्या, तोच सूनबाईचा फोन. "आई, लोकर ऑर्गॅनिक घ्या हं! पर्यावरणाला त्रास न देणारी." आता आमच्या पिढीने लोकर घेताना दोनच प्रश्न विचारले आहेत. रंग जातो का? आणि गुंडा कमी पडला तर हाच रंग पुन्हा मिळेल का? पर्यावरणाचे नाव आम्ही दुकानात कधी काढले नव्हते.

चष्मा लावून वेष्टन वाचले. शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक! म्हणजे मूळ खनिज तेलाचे. मुलाच्या मोटारीत जाते त्याचेच हे भावंड. आपण बिनदिक्कत तिला 'लोकर' म्हणतो, पण तिच्यात मेंढी औषधालाही नाही. धुतली की तिचे बारीक तंतू मोरीतून नदीत जातात आणि तिथे भाडे न भरणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखे ठाण मांडून बसतात.

"मग ही घ्या, बांबूची. एकदम नॅचरल!" दुकानदार म्हणाला. मऊ होती खरी. पण लाठीला वापरतात तो बांबू इतका मऊ होतो कसा? तर बहुतेक वेळा त्याचा लगदा रसायनांत विरघळवून व्हिस्कोज करतात, आणि त्यात कार्बन डायसल्फाइडसारखे विषारी द्रव्य लागते. बांबू नैसर्गिक, मऊपणा कारखान्याचा. बरे, खऱ्या मेंढीकडे जावे, तर आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, तान्ह्याच्या मानेला नव्हे.

राहिला कापूस. आणि कापसासाठी वर्धेकराने वणवण करायची म्हणजे समुद्रकाठी मीठ शोधण्यातला प्रकार! एकेकाळी आमच्या हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात गावाच्या नावाने विकला जाई. पण कापूस नैसर्गिक असला तरी फवारणी नैसर्गिक नसते. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर 'ऑर्गॅनिक' या शब्दाला मी पुण्याचे खूळ म्हणत नाही.

आमचे दूधवाले भाऊ सेलू तालुक्यातले. तीन एकर पऱ्हाटी. त्यांना विचारले, "भाऊ, तुमचा कापूस बिनफवाऱ्याचा का?"

"एका एकरात निंबोळी अर्क मारतो, बाई. पण व्यापाऱ्याले काय त्याचं? सगळ्याईच्याच ढिगात टाकते तो."

मेख तिथेच आहे. प्रमाणपत्र हवे तर बीटी बियाणे चालत नाही, आणि 2002 साली परवानगी मिळाल्यापासून आपल्याकडे सगळीकडे तेच. रान बदलायला दोन-तीन वर्षे जातात, त्या काळात उतारा घटतो. शिवाय नुसते शेत शुद्ध असून भागत नाही. जिनिंग, सूतकताई, रंगाई, सगळीकडे तो कापूस वेगळा ठेवावा लागतो. आपल्याकडे उपासाचे भांडे वेगळे ठेवतात, तसे.

शेवटी मी मगन संग्रहालयाची वाट धरली. 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेली ही वास्तू. सेंद्रिय कापसाची, वनस्पतींच्या रंगांची खादी पाहिली आणि ठरवले, सूतच विणायचे. रंगाचा मोह टाळून बिनरंगी गुंड्या मिळवल्या. हळदीचा रंग सुंदर, पण उन्हात विटतो, आणि वर्ध्याला उन्हाची काय टंचाई? सूत बारीक, म्हणून आठ धागे एकत्र घेतले. सुताला लोकरीसारखा ताण नसतो. काठ सैल पडू नयेत म्हणून बारीक सुया घेतल्या. आटते म्हणून गुंड्या आधी धुऊन, सावलीत वाळवून मगच टाके घातले. पंधरा दिवसांत झबले आणि टोपडे तयार!

"पोत्याचं आहे का?" हे म्हणाले. पण धुतल्यावर जे मऊ झाले ते पाहून स्वतःच्या डोक्याला टोपडे लावून बघत होते.

दूधवाल्या भाऊंना दाखवले. त्यांनी हात धोतराला पुसला, मग टोपडे दोन बोटांत चोळून पाहिले. "फवाऱ्याबिगरच्या कापसाचं? चांगलं आहे. पण बाई, त्या शेतकऱ्याले भाव काय भेटला?"

वेष्टनावर काय काय छापतात! पाने, पृथ्वी, हिरवे गोल शिक्के. एवढे एक मात्र कुठे वाचायला मिळत नाही. तेव्हापासून सूत घेताना मी आपल्या दोन प्रश्नांत तिसरा घातला आहे. दुकानदार जरा वैतागतात. वैतागू देत. रंगाविषयी विचारले तेव्हाही वैतागतच होते.