कानबाईच्या वहीतलं नवं कडवं

२९ जुलै २०२५, नागपंचमी, जळगाव
येत्या रविवारी धुळ्याच्या मोठ्या घरी खानदेशाची देवी कानबाई बसणार. घरातल्या थोरल्या मोठी मायचा सकाळीच फोन आला, "वही लई येजो." दोन वर्षांत तिच्या तोंडून उतरवलेली अहिराणी गाणी त्या वहीत आहेत. चाळताना मराठीत मिसळलेला गुजरातीचा सूर आणि हिंदी-राजस्थानीची वळणं पानोपानी भेटतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातही खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, आहे ती १९०७ च्या भिल्ली बोलींच्या खंडात. लहानपणी शाळेत 'शुद्ध बोल' म्हणून मी ओरडा खाल्ला, तो याच सरमिसळीपायी. आज तिचा अभिमान वाटतो.

२ ऑगस्ट, शनिवार, धुळे
कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. दळण आता गिरणीवर होतं, पण पहिली मूठ जात्यावरच. मोठी माय गाऊ लागली आणि वहीत काय राहून गेलं ते कळलं. वैरण घालायला हात थांबला की ती शेवटचा स्वर लांबवते. खुंटा पुन्हा फिरला की पुढची ओळ. कागदावर चार शब्दांची दिसणारी ओळ जात्यावर केवढी मोठी होते! पेन्सिलीने तिथे आडव्या रेघा ओढून घेतल्या.

३ ऑगस्ट, रविवार
नारळाला डोळे, नथ, कुंकू. कानबाई बसली. रात्री जागरण. या गाण्यांत घरातल्या माणसांची नावं गुंफायला जागा असते. पुण्याहून आलेल्या मोठी मायच्या नातीने तिथे आपल्या मोडक्या अहिराणीत रेल्वेने माहेरी येणाऱ्या लेकीचं कडवं घातलं. हे मूळ गाण्यात नाही, असं मी म्हणताच मोठी माय म्हणाली, "गानं शे ते, बरनीमा भरी ठेवानं लोनचं नही." मग तिनेच ते कडवं उचललं आणि सगळ्या बाया मागे गायल्या.

असंच बदलत जगलेलं गाणं म्हणून मॉरिशसचा सेगा आठवला. गुलाम करून नेलेल्या माणसांचं क्रिओल बोलीतलं गाणं, २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. बकरीच्या कातड्याच्या रावान वाद्यावरून तेही गिटारपर्यंत आलं आहे.

नवं कडवं वहीत लिहिलं, तारखेसकट.

४ ऑगस्ट, सोमवार
पांझरा नदीवर विसर्जन. मिरवणुकीत डीजेवर 'हाय झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं लागलं. ते मला मनापासून आवडतं. कॉलेजात अहिराणी बोलायला लाजणारी पोरं त्यावर नाचतात, ही लहान गोष्ट नाही. पण त्या दणदणाटात डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाईचे नुसते ओठ हलताना दिसत होते. गाणं बदलल्याने मरत नाही, ऐकू येईनासं झालं की मरतं. घाटाजवळ मुलांना विनवलं, पंधरा मिनिटं बंद करा. त्यांनी लगेच केलं. बायांनी जुनं गाणं म्हटलं, नातीच्या कडव्यासकट, आणि डीजेवाला मुलगा शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता.

पुढच्या श्रावणात तुमच्याकडे कानबाई निघेल तेव्हा घाटावर तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. पहिली ओळ घरातल्या म्हातारीला घेऊ द्या.