शब्दकोशाच्या गावाला

मारबुर्गच्या उन्हाळी जर्मन वर्गाला जोडून सुट्टी आली, तेव्हा बरोबरच्या मुलांनी बर्लिनची तिकिटं काढली. मी कासेलचं काढलं. पुण्यात कॉलेज आटोपून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला जायचे, तेव्हापासून ग्रिम बंधूंचं हे गाव मनात होतं.

मारबुर्गही त्यांचंच. याकोब १८०२ साली इथे कायदा शिकायला आला, मागोमाग विल्हेल्म. गाव डोंगरउतारावर आहे; वरच्या पेठेत जायला दगडी पायऱ्या, नाहीतर चक्क लिफ्ट. मी पायऱ्याच चढायचे. वाटेतल्या दुकानदारांशी बोलायला मिळायचं.

गाडीत समोर एक आजी होत्या. त्यांचं बोलणं पुस्तकी जर्मनपेक्षा कितीतरी वेगळं! निम्मं कळेना, तरी विचारत राहिले. आजींनी न कंटाळता बागेतल्या बोरांचा मुरंबा कसा करतात ते सांगितलं. वर्गात अडखळणारी क्रियापदं त्या गप्पांत आपसूक तोंडात येऊ लागली.

जुनं कासेल ऑक्टोबर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. ग्रिमवेल्ट हे संग्रहालयही २०१५चं, टेकडीवरचं. तिथे या भावांनी स्वतः वापरलेल्या, त्यांच्या परीकथांच्या प्रती आहेत, समासात त्यांच्या हस्ताक्षरातल्या टिपा. त्यांना कथा सांगणाऱ्यांत डोरोथेया फीमान ही कासेलच्या बाजारात भाजीपाला विकायला येणारी बाई होती, तिचे पूर्वज फ्रान्समधून आलेले ह्यूगनॉट निर्वासित. अस्सल जर्मन म्हणून मिरवणाऱ्या कथांमध्ये असे परक्या मुलखातून आलेले आवाज मिसळलेले आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते या भावांच्या जर्मन शब्दकोशापाशी. राजानं राज्यघटना मोडीत काढली म्हणून निषेध केला आणि १८३७मध्ये दोघांची गोटिंगेनची प्राध्यापकी गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी कोशाचं काम अंगावर घेतलं. पहिला खंड १८५४मध्ये आला. विल्हेल्मनं डी हे अक्षर संपवलं आणि तो गेला. याकोब १८६३मध्ये वारला तेव्हा काम 'फ्रुख्ट' म्हणजे फळ या शब्दापर्यंत आलं होतं. मग पिढ्यान्‌पिढ्या विद्वान खपले. दुसऱ्या महायुद्धानंतर देश दुभंगला, तरी पूर्व बर्लिन आणि गोटिंगेन इथली माणसं एकाच कोशावर काम करत राहिली. १९६१मध्ये तो पुरा झाला, ३२ खंडांचा. त्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली.

घरी नातेवाईक विचारतात, जर्मन शिकून तिकडे नोकरी करणार का? मिळाली तर आनंदच आहे. पण माणसं ज्या भाषेसाठी असं आयुष्य वेचतात, ती तिच्या घरी जाऊन ऐकावी, ही ओढ नोकरीहून मोठी आहे.

हा सगळा कोश आता ट्रिअर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. जर्मन शिकत असाल तर रोज त्यातला एक शब्द उघडा, आणि जर्मनीला गेलात तर एक दिवस कासेलला नक्की उतरा.