खेकड्याची चाके

आमच्या जुन्नरला रेल्वे नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातही नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ऐकते आहे. मध्यंतरी आखणी झाली, नारायणगावकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी जमिनीचे भाव आले. मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला विजेवरच्या गाडीचा त्रास होईल, म्हणून मार्ग बदलायचे ठरले. तीस अँटेना आहेत तिथे, एकेकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातला बारीकसा आवाज ऐकायचा तर शेजारी गोंगाट चालत नाही. ते खरेच आहे म्हणा.

माझे माहेर मात्र कल्याणचे, रेल्वे क्वार्टरमधले. १९९७ साली माळशेज घाट चढून सासरी आले तेव्हा पहिले महिनाभर मला रात्री झोप लागत नव्हती. कारण सांगितले तर सासूबाई हसायच्या. गाडीचा आवाज नाही म्हणून झोप येत नाही, असे कोणी म्हणते का?

अब्बा इंजिन ड्रायव्हर. १९५९ साली शेडमध्ये खलाशी म्हणून लागले, मग असिस्टंट, मग ड्रायव्हर. उमेदीची बरीच वर्षे त्यांनी बोरघाटात बँकर चालवला. कर्जतला गाडीच्या मागे जास्तीची इंजिने लागतात आणि लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत नेतात, तो बँकर. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. पुढचे इंजिन ओढते, मागचे रेटते, आणि नाव नेहमी पुढच्याचे होते, असे अब्बा म्हणत. अम्मी गेल्यानंतर भावाच्या छोट्या जागेत त्यांची घुसमट होऊ लागली, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांना मी जुन्नरला आणले.

माझा धाकटा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. कॉलेजातून आला की कॉम्प्युटरसमोर. मी शाळेत शिक्षिका. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना मोबाइल ठेवा म्हणायचे आणि घरी स्वतःच्या मुलाकडे हे बघायचे. पुष्कळ बोलले मी त्याला. कॉम्प्युटरमध्ये टाकायच्या कार्डासाठी त्याने पैसे मागितले तेव्हा तर घरात मोठा वाद झाला. ‘अम्मी, मी खेळत नाही, बनवतो,’ एवढेच त्याचे उत्तर.

काय बनवतो ते मी वर्षभर पाहिलेच नव्हते. रेल्वेचे सिम्युलेटर असते. आपण ड्रायव्हरच्या जागी बसतो, सिग्नल पाळायचे, ब्रेक सांभाळायचा. त्यातली इंजिने जगभरातले हौशी लोक तयार करतात. मुलगा ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आधी एक साधी पेटी काढायची, तिला कापत, ओढत आकार द्यायचा, मग फोटोंवरून रंग, गंज, रिबिटे चढवायची. शेवटी एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात इंजिनाचे वजन किती, ओढ किती, ब्रेक किती वेळात लागतो ते आकडे लिहायचे. आकडे चुकले तर दिसायला देखणे इंजिन घाटात बैलासारखे बसते.

त्याने निवडले होते ते अब्बांचेच इंजिन. रेल्वेच्या कागदावर त्याचे नाव डब्ल्यूसीजी-१. १९२८-२९च्या सुमारास जीआयपी रेल्वेने मुंबई-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणासाठी अशी ४१ इंजिने घेतली. पहिली दहा स्वित्झर्लंडची, उरलेली ३१ इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीची. मधे ड्रायव्हरची खोली आणि पुढे-मागे लांबलचक नाके. युरोपात अशा इंजिनांना मगर म्हणत. आपल्या शेडमधल्या लोकांनी त्याला खेकडा म्हटले. मगर कल्याणला कोणी पाहिली होती?

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मुलाने अब्बांना स्क्रीनसमोर बसवले. इंजिन तयार होते, आठवड्यापूर्वीच त्याने ते सर्वांसाठी खुले केले होते आणि दोनशेच्या वर लोकांनी घेतलेही होते. अब्बांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिले.

‘हा वळणावर वाकत का नाही?’

मुलगा गप्प. खेकड्याचे शरीर तीन तुकड्यांचे. वळण आले की नाक आधी वळते, खोली मागून येते. मुलाने सगळे एका लांब पेटीत केले होते. हे सोपे निघाले. चाकांचा जो गट असतो त्याला नाक बांधायचे की ते आपोआप वळते.

‘आणि हे दांडे?’

या इंजिनात मोटरची ताकद थेट चाकाला जात नाही. ती एका आडव्या दांड्यातून, वाफेच्या इंजिनासारखी, चाकांना जोडलेल्या बाहेरच्या दांड्यांत जाते. मुलाने डावीकडचे आणि उजवीकडचे दांडे एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली केले होते. अब्बांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. एक मनगट वर असेल तेव्हा दुसरे पुढे. पाव फेऱ्याचा फरक. ‘दोन्ही बाजू एकदम सरळ रेषेत आल्या, तर जोर जायचा कुठून? एक अडली की दुसरीनं काढायचं.’ हे सांगताना त्यांचे हात फिरत होते आणि ओठांतून आवाज येत होता. मी चहा घेऊन दारात उभी होते. इतके बोलताना मी त्यांना जुन्नरला आल्यापासून पाहिले नव्हते.

मग त्यांनी विचारले, ‘चाकं कोणाची आहेत?’

कसे ओळखले कोणास ठाऊक. सगळ्या इंजिनावर मेहनत दिसत होती आणि चाके तेवढी सफाईदार, वेगळ्या हाताची होती. मुलाने सांगून टाकले. वीस वर्षांपूर्वी एका इंग्रज गृहस्थाने वाफेचे एक जुने शंटिंग इंजिन या सिम्युलेटरसाठी बनवून फुकट दिले होते. त्याचीही सहा चाके दांड्यांनी जोडलेली. तीच उचलून, थोडी बदलून इथे बसवली होती. सोबतच्या टिपणात त्या माणसाने लिहिले होते की, यातला भाग वापरायचा असेल तर आधी मला विचारा.

‘विचारलंस?’

‘नाना, त्यांचं काही कमी झालं नाही. ही कॉपी आहे. त्यांचं इंजिन त्यांच्याकडेच आहे.’

‘कमी झालं नाही, हे त्यानं म्हणायचं.’

अब्बा पुढे म्हणाले की, शेडमध्येही एका इंजिनाचा भाग काढून दुसऱ्याला लावायची पाळी येई. पण रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय कोणी बोल्टसुद्धा हलवत नसे. नाहीतर पहिले इंजिन घाटात निघाले आणि त्यात तो भागच नसला तर? मुलगा म्हणाला की, हे उदाहरण इथे लागू होत नाही. आणि खरे सांगायचे तर ते लागू होत नव्हतेच. तरीही अब्बा उठून नमाजला गेले आणि मुलाने दार लावून घेतले.

आठ दिवस घरात आजोबा-नातवाचे बोलणे बंद. मी मधे पडले नाही. एकीकडे वाटायचे, अब्बा बरोबर बोलले. दुसरीकडे, या बिनपैशाच्या कामाला इतका कायदा कशाला, पोराचा हुरूप जाईल, असेही वाटायचे. याच हुरुपाला मी वर्षभर नावे ठेवत होते, हे तेव्हा ध्यानात आले.

नवव्या दिवशी त्याने इंजिन मागे घेतले. ‘चाके दुरुस्तीला’ एवढे लिहिले आणि त्या इंग्रज गृहस्थांना ईमेल पाठवला. पत्ता वीस वर्षांपूर्वीचा. पोहोचेल याची खात्री नाही. पाच आठवडे काही नाही. नवी चाके बनवायला घेतली त्याने, पण वजनाचे तुकडे कुठे बसतात ते फोटोत नीट दिसेना.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मुंबईला गेलो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा ठेवला आहे. मुलगा जमिनीवर झोपून खालून फोटो काढत होता, मी ओढणी सावरत टेपचे दुसरे टोक धरून उभी. येणारे-जाणारे बघत होते. अब्बांनी दांड्यावर तळवा ठेवला आणि लगेच काढला. ‘गार आहे,’ म्हणाले. चालत्या कामात त्यांनी तो कधी गार पाहिलाच नव्हता.

परत आल्यावर उत्तर आलेले होते. गृहस्थ आजारी होते, म्हणून उशीर. परवानगी दिली, वर मूळ फाइली जोडल्या. लिहिले होते की, तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपावे म्हणून मी चाक बारा कोनांचे केले होते, आता तू ते गोल कर; फक्त टिपणात माझे नाव राहू दे. मुलाने ते अब्बांना मराठीत वाचून दाखवले. अब्बा म्हणाले, ‘तब्येत कशी आहे विचार.’ आता दोघांचे अधूनमधून पत्र असते आणि त्यात इंजिनांपेक्षा गुडघ्यांची चौकशी जास्त असते.

चाके गोल झाली, पण एक गोष्ट सुटली नाही. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटरचे, तिकडचे १४३५. त्या सिम्युलेटरचे रूळ मुळात तिकडच्या मापाचे. इंजिन खऱ्या रुंदीचे केले तर खाली चाके जवळजवळ येतात. अब्बांना ते बघवत नव्हते. ‘हा उभा कसा राहतो? पडेल की.’ रूळ काही मुलाच्या हातात नव्हते. शेवटी अब्बांच्या सांगण्यावरून टिपणात ‘राहिलेले दोष’ असे सदर आले आणि पहिला दोष तोच.

मोठे काम उरले होते ते आवाजाचे. खेकडा नुसता उभा असला तरी आतून कण्हत असे. ‘व्यायला झालेली म्हैस,’ हे अब्बांचे वर्णन. मुलाने आजच्या कुठल्यातरी इंजिनाची गुणगुण बसवली होती. जुने चांगले रेकॉर्डिंग मिळेना. आणि घाई होती, कारण पुण्यातल्या डॉक्टरांनी अब्बांच्या कानांची तपासणी करून सांगितले होते की, ऐकू येणे झपाट्याने कमी होते आहे, यंत्र लावले तरी आवाजाचा पोत पूर्वीसारखा कळणार नाही. खेकड्याचा आवाज ओळखणारे दुसरे कान आम्हाला कुठे मिळणार होते?

मुलाने गिरणीची मोटर रेकॉर्ड केली. नाही. शाळेचा जुना पंखा. नाही. मग घोडेगावजवळ माझ्या नणंदेच्या विहिरीवरचा पंप. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. आमच्या भागात रात्री उसाजवळ जायचे म्हणजे बिबट्याची भीती. मी नाही म्हणाले. नंदावे, दोन गडी, बॅटऱ्या आणि वाजत्या पत्र्याचा डबा असा लवाजमा घेऊन तो गेला. आवाज घ्यायच्या वेळी डबा बंद ठेवावा लागला, ती दहा मिनिटे कशी गेली हे त्याने मला फार उशिरा सांगितले. मी घरी ईशाच्या नमाजनंतर जागीच होते.

तो आवाज त्याने हळू केला, खाली उतरवला, दुसरा एक त्यात मिसळला. अब्बांनी हेडफोन कानावर दाबून धरला. ‘अजून जड.’ पुन्हा. ‘यात श्वास नाही, हा सपाट आहे. तो चढायचा, थांबायचा, उतरायचा.’ असे तेरा दिवस. चौदाव्या दिवशी काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला, सिग्नल पडल्यासारखा. तो आवाज तसाच राहिला.

मागच्या महिन्यात सुधारलेले इंजिन पुन्हा खुले झाले. त्याआधी अब्बांनी ते एकदा चालवले. कुणा हौशी माणसाने बनवलेला घाट होता, आमचा खेकडा गाडीच्या मागे. अब्बांना माउस जमत नाही, म्हणून ते बोटाने खुणावत आणि मुलगा कळ दाबत होता. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी. वळण आले, नाक वळले. डावा दांडा वर, उजवा पुढे. मंकी हिलच्या अलीकडे त्यांनी डाव्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरली होती. लोणावळ्याला गाडी थांबली तेव्हा मगरीबची वेळ होत आली होती.

मी विचारले, ‘अब्बा, बरोबर आहे ना?’

त्यांना ऐकू गेले नाही. मोठ्याने पुन्हा विचारले.

‘भोंगा चुकलाय,’ ते म्हणाले.

मुलाने वही उघडली.