टाळलेला दृष्टान्त

तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे मी कीर्तनात आयुष्यभर सांगितले. वसईत राहून एक चरित्र मात्र राहिले. संत गोन्सालो गार्सिया इथेच जन्मले. त्यांच्या व्यापाराचा जम बसला होता. तो सोडून ते असिसीच्या संत फ्रान्सिसांच्या पंथात सेवक झाले. फ्रान्सिसही कापडव्यापाऱ्याचेच पुत्र! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांसह गोन्सालो क्रूसावर गेले. १८६२ साली संत ठरले.

शेजारच्या ख्रिस्ती आजींनी एकदा विचारले, “बुवा, दृष्टान्तात आमच्या गोन्सालोला कधी घेणार?” लोक काय म्हणतील, या भयाने मी हसून विषय टाळला. आजी गेल्या, माझा गळाही गेला. म्हणून आज लिहितो. माउली, दुकान सोडून देवाकडे निघालेल्याला पंथ विचारू नये. ते भय माझे होते, विठोबाचे नव्हे.