पेठेतला कालचा दिवस

पेठ म्हटले की पुणेकराला वार आठवतात आणि नाशिककराला पेठ नाका. मी सांगतो आहे ती पेठ त्या नाक्यावरून निघणाऱ्या रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटर दूर, गुजरातच्या सीमेजवळ आहे. पुढे हाच रस्ता धरमपूरला उतरतो. नाशिक सोडल्यावर काही वेळ द्राक्षबागांची सोबत असते. मग सावळ घाट येतो आणि चित्र पालटते. तारांवर चढवलेल्या वेली जातात आणि उतरणीवरची नागलीची, वरईची लहान लहान खाचरे सुरू होतात. अश्विनात गेलात तर मध्येच खुरासणी फुललेली दिसते. इतका धिटाईचा पिवळा रंग आमच्या शहरी बागांतून पाहायला मिळत नाही. करंजाळीला चहा होतो, कोटंबीचा घाट ओलांडला की पेठ येते.

गाव लहान असले तरी साधे नाही. येथे एकेकाळी संस्थान होते. शेवटच्या बेगमेच्या मृत्यूनंतर १८७८ साली ते इंग्रजांनी खालसा केले. पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर छापून निघाले. पाऊस किती, पिके कोणती, जाती कोणत्या, कोणाचा स्वभाव कसा, सारे त्या ग्रंथात आहे. तो मोठ्या मेहनतीने केलेला आहे यात शंका नाही. मात्र येथले कोकणा, महादेव कोळी किंवा वारली लोक स्वतःच्या दिवसाविषयी काय म्हणतात, हे त्यांना विचारावे असे त्या काळी साहेबालाही वाटले नाही आणि साहेबाच्या कारकुनालाही नाही.

विचारण्याची ही रीत तशी अलीकडची. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटने प्राध्यापक धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली १९३० नंतरच्या दशकात शहरातली घरे पाहिली. महालनोबिसांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिकडे प्रागमध्ये चेक लोकांनी १९४६ सालीच लोकमत अजमावणारी संस्था काढली. पुढे राज्यकर्त्यांना लोकांचे मत नकोसे झाल्यावर ती मोडली, आणि १९६५ मध्ये पुन्हा उभी राहिली. आज तिचा वारसा चालवणारे केंद्र सुमारे हजार माणसांना गाठून जगणे कसे चालले आहे, कशावर विश्वास आहे, कशाची काळजी वाटते, असे नेमाने विचारत असते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी समाजशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय ‘वेळ’. आपल्या सरकारने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्याच धर्तीवर ती पेठेजवळच्या एका पाड्यावर काम करत होती. “सर, प्रश्न मराठीत आहेत, पण उत्तरे मराठीत येत नाहीत,” असे तिने फोनवर सांगितले, आणि गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी एस. टी. पकडली.

या पाहणीची रीत मोठी मजेदार आहे. ‘तुम्ही साधारणपणे काय करता?’ असे विचारायचे नाही, कारण साधारणपणे आपण सगळेच फार चांगले वागतो! फक्त कालचा दिवस विचारायचा. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी करून, त्या वेळी काय चालले होते ते भरायचे. १९६५ च्या सुमारास अलेक्झांडर सलाई या हंगेरीच्या समाजशास्त्रज्ञाने बारा देशांत असेच दिवस गोळा केले होते. त्यांत चेकोस्लोव्हाकियातले ओलोमौत्स हे गाव होते, भारत नव्हता. नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला सर्वांत कमी फुरसत येते, हे त्या तक्त्यांनी अनेक देशांतून एकदमच दाखवून दिले.

पाड्यावर पहिल्याच ओट्यावर आमची गंमत झाली. घरचे म्हातारबाबा खाटेवर बसले होते. विद्यार्थिनी म्हणाली, “बाबा, तुमचं मत विचारायला आलो.” बाबा शांतपणे म्हणाले, “मत तर दिलं. बोटाला शाई पण लावली होती.” आता यात हसण्यासारखे काय आहे? आपल्या भाषेत विचारालाही मत म्हणतात आणि पेटीत टाकायचे तेही मतच. ज्याच्याकडे लोक फक्त दुसऱ्या मतासाठी येतात, त्याने पहिले कशाला लक्षात ठेवावे?

मग घरातल्या सुनेचा कालचा दिवस. तिचे बोलणे मी आपल्या मराठीत सांगतो. अर्जावर आरंभीच ‘व्यवसाय’ अशी ओळ होती. तिचा नवरा ओट्यावरूनच म्हणाला, “काही नाही, घरीच असते.” तिने मान वर केली नाही.

“उठलात किती वाजता, मावशी?”

“पाचला. मोबाइलात गजर आहे.”

कोंबड्याची वाट पाहणाऱ्या आम्हा साहित्यिक मंडळींची तेवढ्यापुरती निराशा झाली. पुढे चौकटी भरत गेल्या. चूल, पाणी, भाकरी, गोठा, नागलीची कापणी, वाटेत सरपण, पुन्हा चूल. बोलता बोलता तिचे हात सुपावर चालूच होते.

“दुपारी मोकळा वेळ मिळाला का?”

“मिळाला ना. घटकाभर बसले होते.”

विद्यार्थिनीने ‘विश्रांती’ लिहिले. मग सवयीने विचारले, “बसून काय केलंत?”

“उडदाच्या शेंगा सोलल्या.”

‘विश्रांती’ खोडली गेली. माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम त्या खोडरबराने केले. देशाचे आकडे पाहा: २०२४ च्या पाहणीत घरातल्या बिनपगारी कामात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेलेली आढळली, पुरुषांची ८८, आणि तीही असे काम ज्यांनी केले त्यांचीच. ‘बसले होते’ एवढ्यावरच कोणी थांबले असेल, तर ते २८९ सुद्धा तोकडेच म्हणायचे.

याच बाईचा वैशाखातला कागद विद्यार्थिनीने मला दाखवला. पावसाळ्यात धो धो कोसळणारा हा मुलूख उन्हाळ्यात कोरडा पडतो. पाणी उतरणीवरून थांबतच नाही. अश्विनात ‘पाणी’ हा शब्द एका चौकटीत होता, वैशाखात तो पाच चौकटींत होता. त्यातल्या दोन पहाटेच्या, म्हणजे बाई झोपायची त्या वेळच्या. सरकारी पाहणी वर्षभर पसरवतात ती याचसाठी. पेठेला एकच ‘काल’ नाही.

शेवटी समाधानाचा प्रश्न आला. पूर्ण समाधानी, बरेचसे, थोडेसे, मुळीच नाही. यांतले एक निवडायचे. ओलोमौत्सच्या बाईला असे निवडणे जड जात नसावे. या बाईने नवऱ्याकडे पाहिले, मग सासऱ्याकडे. विद्यार्थिनी हुशार. तिने म्हातारबाबांना गुरुजींना वाघदेव दाखवायची विनंती केली आणि आम्हा तिन्ही पुरुषांना बाहेर काढले.

वाघदेव पाड्याच्या शिवेवर होता. लाकडी खांबावर वाघ, वर चंद्र आणि सूर्य, शेंदराचा ताजा हात. आपली दिवाळी गाय-वासरापासून सुरू होते, यांची त्याच दिवशी वाघापासून. गुराख्यांचा तो मान. गाय राखायची तर वाघालाही विचारले पाहिजे, असे बाबांनी समजावले. लोकमताची ही बाजू मला पटली.

परतलो तेव्हा कागद भरला होता. चारांपैकी एकाही उत्तरावर खूण नव्हती. समासात पेन्सिलीने लिहिले होते: ‘विहिरीला उन्हाळाभर पाणी असावं. बाकीचं मी बघते.’

“याला आकडा काय द्यायचा, सर?” तिने वाटेत विचारले. मी मराठीचा मास्तर. म्हटले, आकडा तू दे, पण समास कापू नकोस.

पाड्यावरच्या आणखी तीन घरांना मात्र कुलपे होती. माणसे द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेली होती, सणालाही येतील न येतील. अर्जावर त्यासाठी एक सोयीचा शेरा असतो, ‘घर बंद’. तो लिहिला की ते घर संपते. तिने तो लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती नाशिकच्या पेठ नाक्यावर, मजूर उभे राहतात तेथे, वही घेऊन हजर होती.