विमानाखालचं घर

आमच्या घरात वाक्यं अर्ध्यावर थांबतात. भांडण असो, दूधवाल्याचा हिशेब असो, कुणाच्या आजारपणाची बातमी असो, बोलणारा मध्येच गप्प होतो आणि ऐकणाराही त्याच्याबरोबर गप्प बसतो. आधी फडताळातली भांडी थरथरतात, मग खिडकीची काच, मग आवाज कानात शिरतो. पोटाखालचे दिवे पेटवून, चाकं खाली सोडून, गच्चीच्या पाण्याच्या टाक्यांवरून एक विमान सरकत जातं. ते पुढं गेलं की वाक्य जिथं तुटलं तिथून पुन्हा चालू होतं.

नव्या पाहुण्यांना वाटतं, घरात काहीतरी बिनसलंय.

आणि आपली भाषाही अशी, की क्रियापद शेवटी. म्हणजे नेमकं तेच विमानाखाली सापडतं. ‘ताईच्या लेकीचं लग्न’ इथपर्यंत ऐकू येतं. ठरलं की मोडलं, ते विमान गेल्यावर कळतं. ‘डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही...’ यानंतरची ती पंधरा-वीस सेकंदं मी आयुष्यात अनेकदा काढली आहेत. घाई करून उपयोग नसतो. विमान त्याच्या वेळेनं जातं.

घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या उताराला आमचं घर. मुख्य धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक इथून जेमतेम अडीच-तीन किलोमीटरवर. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उडतं. मुंबईत वारा बहुतेक वेळ समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. त्यामुळे उतरणारी विमानं पूर्वेकडून, आमच्या डोक्यावरून येतात आणि उडणारी तिकडं पार्ले-जुहूवरून थेट समुद्रावर निघून जातात. वारा फिरला तरच उलटं होतं, आणि ते क्वचित. म्हणजे आमच्या वाट्याला फक्त येणारी विमानं. जाणारं विमान आमच्या गॅलरीतून दिसत नाही. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळी माणसं मुंबईत येतच असतात, इथून जात कुणीच नाही.

हा समज १९८३ साली मोडला. दादा मस्कतला गेला.

फिटरचं काम होतं. सहारचं टर्मिनल उघडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि खेडमधून, चिपळूणमधून, रत्नागिरीतून आखातात जाणारी पोरं रोज रात्री तिथं गोळा व्हायची. त्याआधी मुंबईचं विमानतळ म्हणजे सांताक्रूझ. सहार हे भातशेतीचं, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. त्याच्या नावानं टर्मिनल झालं आणि गावाचं नाव गावाहून मोठं होऊन बसलं. ‘सहारला सोडायला जायचंय’ म्हटलं की कोणी विचारायचं नाही, सहारमध्ये कुणाकडे.

दादाला सोडायला आम्ही चौदा जण गेलो होतो. गावाकडून आत्या आली होती, रात्रभर एसटीत बसून. आईनं निघताना त्याच्या हातावर दही घातलं आणि ते त्यानं गडबडीत पँटला पुसलं, हे मला अजून आठवतं. बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘पोचलास की तार कर.’ मग काचेपलीकडे त्याची पाठ दिसली, नवीन सफारी सूटमधली, शेजारच्या पोराच्या पाठीसारखीच. त्या रात्री तिथं सगळ्यांच्याच पाठी सारख्या होत्या. आम्ही घरी परतलो तेव्हा पहाट व्हायला आली होती आणि डोक्यावरून विमान जात होतं. आईनं वर पाहिलं. मी म्हटलं, ‘हे येणारं आहे.’ ती म्हणाली, ‘मला माहितीय.’ तरी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

दादा दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. त्या दिवशी आई उजाडल्यापासून गॅलरीत. प्रत्येक विमानाला हात करायची. कोणत्या विमानात तो आहे हे कळायला मार्गच नव्हता. तिचा हिशेब साधा होता: सगळ्यांना हात केला की एक तरी बरोबर लागतो.

मी पुढं या विमानतळाविषयी मिळेल ते वाचत गेले. ज्यानं आपली वाक्यं तोडली त्याची माहिती तरी असावी, एवढाच उद्देश. पण वाचताना लक्षात आलं, की या विमानतळाची सगळी कहाणी जागेची आहे. मुंबईतल्या कुठल्याही कुटुंबाची असते तशी.

सुरुवात जुहूला झाली. तिथलं विमानतळ १९२८चं. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ नावाच्या चिमुकल्या विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं म्हणतात. टाटांची टपालाची विमानसेवा अशी सुरू झाली. पण जुहूची जमीन समुद्राला लागून, पावसाळ्यात चिखल. तेव्हा टाटांचं सगळं बिऱ्हाड पावसाळ्यापुरतं पुण्याला हलायचं. मला यात फार मजा वाटते. मुंबईचं विमानतळ पावसाळ्यात पुण्याला राहायला जात होतं, मामाकडे गेल्यासारखं.

मग सांताक्रूझ. दुसऱ्या महायुद्धात तिथं ब्रिटिशांचा हवाई तळ होता. युद्ध संपल्यावर तो नागरी वाहतुकीला मिळाला. ८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ तिथून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. त्यात पस्तीस प्रवासी होते. आता एवढी माणसं एका विमानाच्या मागच्या मोजक्या रांगांत बसतात.

जुहू आणि सांताक्रूझ इतके जवळ, की वरून पाहणाऱ्या परक्या वैमानिकाची गल्लत व्हायची. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. पुढं १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं तेच केलं, आणि तिथली आखूड धावपट्टी संपल्यावरच थांबलं. कुणाचा जीव गेला नाही. दारावरची पाटी न वाचता शेजारच्या घरात शिरून चपला काढून ठेवाव्यात, तसला हा प्रकार. फरक एवढाच, की या चपला परत घालून निघायला बरेच दिवस लागतात.

सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. पोर्तुगीज नाव. गंमत अशी, की इथल्या दोन धावपट्ट्याही एकमेकींना छेदून आडव्या-तिडव्या पडल्यात, क्रूसासारख्या. पण या योगायोगानं विमानतळाचं काही भलं केलेलं नाही. दोन्ही धावपट्ट्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. एकीवर विमान असलं की दुसरी अडते. कागदावर दोन, वापरायला एक. दिल्लीत पाच हजार एकरांहून जास्त जागा आहे, धावपट्ट्या समांतर पसरल्यात. मुंबईला दोन हजार एकरही नाहीत. एका बाजूला कुर्ला, जरीमरी, दुसरीकडे पार्ले, खाली कलिना, वर मरोळ. कुंपणाला टेकून वस्त्या. त्यात धावपट्ट्या दुरुस्त करायला आलेल्या मजुरांनी वसवलेली वस्तीही आहे. काम संपलं, माणसं राहिली. आणि या सगळ्याखालून मिठी नदी, अक्षरशः धावपट्टीच्या पोटातून वाहणारी.

एवढ्याशा जागेत ८ डिसेंबर २०१८ला, चोवीस तासांत, १,००७ विमानं उतरली आणि उडाली. सरासरी काढली तर दर शहाऐंशी सेकंदांना एक. हे कसं जमतं हे मला चाळीत वाढल्यामुळे लगेच कळलं. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं राहतात ती पाळ्यांनीच. रात्रपाळीवाला उठला की त्याच जागेवर दिवसपाळीवाला टेकतो, गादीची ऊब जायच्या आत. धावपट्टीचंही तेच. एक विमान उतरतं, मिनिटभराच्या आत बाजूच्या वाटेनं बाहेर पडतं. तोवर दुसरं टोकाशी येऊन उभं असतं, ते निघतं, आणि त्याचं नाक वर उचललं जातं न जातं तोच घाटकोपरवर तिसऱ्याचे दिवे. दोन उतरणाऱ्यांच्या मधल्या फटीत एक उडवायचं. कंट्रोल टॉवरमधली माणसं ही फट राखतात. कुणाला सेकंदाचाही उशीर नको, आणि कुणी पुढच्याच्या पाठीवरही नको. मोरीवर नंबर लावलेल्या बायका हेच करायच्या, बिनतारी यंत्राशिवाय.

दरवर्षी मे महिन्यात एक दिवस सकाळी अकरा ते पाच दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात. टेकणाऱ्या चाकांचं रबर डांबरावर थरानं साचतं. पाऊस पडला की त्यावरून चाक घसरेल, म्हणून ते आधी खरवडून काढायचं. दिवे बघायचे, भेगा बुजवायच्या. पावसाळा संपला की पुन्हा एकदा. कौलं परतायला माणूस वर चढावा तसं. त्या सहा तासांत आमच्याकडे दुपारची झोप लागते, आणि ती इतकी अनोळखी असते की डोकं धरतं.

२६ जुलै २००५ची शांतता मात्र वेगळी होती. दुपारी कधीतरी विमानं थांबली, ते पावसाच्या आवाजात कळलंसुद्धा नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कुलाब्याला त्याच वेळी ७३. एकच शहर! मिठीला जायला जागा नव्हती, पाण्याला जायला जागा नव्हती. विमानतळ तीस तासांहून जास्त बंद राहिलं. यजमान दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, कुर्ल्यातून, छातीएवढ्या पाण्यातून वाट काढत. तिसऱ्या दिवशी भांडी पुन्हा थरथरली आणि सासूबाई म्हणाल्या, ‘चला, सुरू झालं.’ विमानाला इतक्या मायेनं कुणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

नाव मध्ये बदललं. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी आंतरराष्ट्रीय विमानतळ झालं, २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. सामानाच्या चिठ्ठीवर मात्र अजून तीन अक्षरं तीच: बी, ओ, एम. शहराचं मुंबई झालं. बॅगांसाठी ते अजून बॉम्बेच आहे.

लेक परदेशी गेली ती नव्या टर्मिनलमधून, २०१५ च्या ऑगस्टमध्ये. ते नवं टर्मिनल दीड वर्षापूर्वी सुरू झालेलं. वर पांढरे खांब छतात उमलत गेलेले, मोरपिसांची नक्षी, आत कलासंयोजक राजीव सेठींनी मांडलेल्या हजारो कलावस्तू, देवळांचे दरवाजे, हवेल्यांचे झरोके. हे मला तिनं पाठवलेल्या फोटोंत दिसलं. कारण आम्हाला दाराशीच थांबायचं होतं. जवानानं तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, तिचा चेहरा पाहिला. आमच्याकडे त्यानं पाहिलं नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

आदल्या रात्री वजनकाट्यावर बॅगा चढवल्या-उतरवल्या. तेवीस किलोच्या दोन. मेतकूट, भाजणी, कुकर, कुकरच्या रिंगा दोन जास्तीच्या. भाजणी निघाली, पुस्तकं गेली. मग पुस्तकं निघाली, भाजणी गेली. रात्री दोनचं विमान होतं. युरोपात उजाडताना विमान बदलायचं तर इथून मध्यरात्रीच निघावं लागतं. म्हणून मुंबईतले सगळे निरोप असे अर्धवट झोपेत होतात. दाराशी उभ्या असलेल्या आयांचे चेहरे ट्यूबलाइटमध्ये एकसारखे दिसत होते. साताऱ्याकडची एक मोठी जीप भरून माणसं आली होती. त्यांच्यातल्या आजीनं मुलाच्या खिशात काहीतरी कोंबलं आणि तो ‘अगं आत काढून घेतील’ म्हणत राहिला.

घरी आलो. डोक्यावरून विमान गेलं. मीही वर पाहिलं. हे येणारं आहे, असं सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

२०२० च्या मार्चअखेर आकाश रिकामं झालं. दोन महिने देशांतर्गत एकही प्रवासी विमान नाही. कधीतरी मालाचं, कधीतरी अडकलेल्यांना आणणारं. घरातली वाक्यं सलग होऊ लागली, आणि आम्ही किती कटकटे आहोत हे आम्हाला प्रथमच नीट ऐकू आलं. विमानांनी आमची कितीतरी भांडणं वाचवली असणार. यजमान जीभ चावून थांबायचे, विमान जाईपर्यंत राग ओसरायचा. त्या दोन महिन्यांत तसा कुणीच मध्ये पडला नाही.

आता नवी मुंबईत नवं विमानतळ झालंय. उलव्याचा डोंगर कापून, नदीची वाट बदलून. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं. काही विमानं तिकडं जातील, आमच्याकडे जरा शांत होईल, असं सोसायटीतले लोक आशेनं म्हणतात. मी काही बोलत नाही.

परवा लेकीचा फोन होता. तिच्याकडे सकाळ, आमच्याकडे रात्र. हवापाणी झालं, तिच्या नोकरीतलं झालं, भाजणीची कृती तिसऱ्यांदा सांगून झाली. मग ती म्हणाली, ‘आई, ऐक ना. डिसेंबरात मी येणार...’

फडताळातली भांडी थरथरली. तिकडंही ती थांबली. माझ्या फोनमधून तिला ऐकू जात असणार. मी पडदा बाजूला केला. चाकं, दिवे, पांढरं पोट, गच्चीवरच्या टाक्या. पुढं सरकलं, डोंगराआड झालं.

‘गेलं?’ तिनं विचारलं.

‘गेलं,’ मी म्हटलं. ‘हं, बोल.’