येण्याजाण्याचा खर्च

माझ्या धाकट्या बहिणीची नात शिक्षणासाठी इंदूरहून कलकत्त्यास यावयाची आहे. (शहराचे नाव 2001 साली बदलले हे मला ठाऊक आहे, पण ऐंशी वर्षांची जीभ कायद्याने वळत नाही.) परवा तिने दूरध्वनीवर विचारले, "आजोबा, महिन्याला येण्याजाण्याचा खर्च किती धरू?"

ती राहणार भवानीपुरात, आमच्याच गल्लीत, आणि रोज जाणार गिरीश पार्कला. मी चष्मा लावून कागद पुढे ओढला. आमच्या उत्तर-दक्षिण मेट्रोचे दर 2019 च्या डिसेंबरात बांधून दिले ते असे : 2 किलोमीटरपर्यंत 5 रुपये, 5 पर्यंत 10, 10 पर्यंत 15, 20 पर्यंत 20 आणि त्यापुढे 25. तिचे अंतर सुमारे 7 किलोमीटरांचे, म्हणजे 15 रुपये. एवढे सांगतो आहे तोच पलीकडून उत्तर आले, "सव्वीस दिवस, बावन्न फेऱ्या, सातशे ऐंशी रुपये. झालं!"

"हा गुणाकार झाला, अंदाज नव्हे," मी म्हणालो. आणि बोलून गेल्यावर ध्यानात आले की हे वाक्य माझे नाही. ते नानांचे, माझ्या वडिलांचे.

नाना डलहौसी स्क्वेअरमधील एका कचेरीत कारकून होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस रात्री जेवणे आटोपली की ते लाल पुठ्ठ्याची वही काढून बसत. तीत किराणा, दूध, भाडे यांच्याबरोबर 'वाहन' असे एक स्वतंत्र सदर असे, आणि त्याची रचना माझ्या मते कोणत्याही अर्थमंत्र्याला शिकण्यासारखी होती. आधी अटळ फेऱ्या : कचेरी, जाणे 26, येणे 26. मग लांबणीवर टाकता येण्याजोग्या : बाजार, ग्रंथालय, महाराष्ट्र निवासातील कार्यक्रम. शेवटी 'अडीनडी'. या अडीनडीला ते कोरड्या महिन्यांत थोडे धरीत आणि आषाढ लागला की दुप्पट करीत. कारण या शहरात जोराचा पाऊस झाला की ठनठनियाला गुडघाभर पाणी साचते, ट्रामगाड्या जागच्या जागी उभ्या राहतात, आणि हातरिक्षावाला मागेल ते द्यावे लागते. पावसाचा अंदाज ज्याला करता येत नाही त्याने कलकत्त्यातील भाड्याचा अंदाज करू नये, असे ते म्हणत.

ट्रामला तेव्हा दोन वर्ग असत. पुढच्या डब्यात पंखे, मागच्यात वारा येईल तेवढाच. नाना मागच्या डब्याचे प्रवासी. 1953 च्या जुलैत कंपनीने या दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले आणि सारे शहर पेटले. ट्राम कंपनी विलायती होती, तिची नोंदणी लंडनची. या गोष्टीने त्या आगीत तेल ओतले. लोक जुनेच भाडे पुढे करीत आणि वाढीव पैसा देण्याचे नाकारीत. मग धरपकड झाली, गाड्या जळल्या, गोळीबार झाला. अखेर ती वाढ स्थगित करावी लागली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. खिडकी लावून घेत आई म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते, "अहो, एका पैशासाठी एवढा दंगा?" नानांनी वहीतून मान वर न करता उत्तर दिले, "एक पैसा नव्हे. महिन्याचे तेरा आणे." बावन्न फेऱ्यांचे बावन्न पैसे, चार पैशांचा आणा, म्हणजे रु. 0-13-0. पुढे मी अर्थशास्त्राची पुस्तके वाचली, परंतु भाडेवाढीचा अर्थ इतक्या थोडक्यात कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

1957 च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले. वास्तविक आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पण सव्वा पैसा कोणाच्या खिशात असतो? म्हणून एका आण्याचे 6 धरले, दोहोंचे 12, तिहींचे 19. नानांनी वहीच्या समासात या फरकाची फोड केली आहे. एक आण्याच्या बावन्न फेऱ्यांत आपण 13 नवे पैसे वाचवितो आणि तीन आण्यांच्या तितक्याच फेऱ्यांत 13 गमावतो, असे त्यांनी सिद्ध केले आहे, आणि खाली समाधानाची एक रेघ ओढली आहे.

त्या मुलीशी बोलणे झाल्यावर मी ट्रंकेतून त्या वह्या काढल्या. हेतू एवढाच की अडीनडीसाठी नाना शेकडा किती धरीत ते पाहावे आणि तिला कळवावे. ते प्रमाण सापडले नाही. दुसरेच काही सापडले.

'वाहन' या सदरात 'श्यामबाजार' अशी एक ओळ आहे. श्यामबाजारला माझी मावशी राहत असे. एवढ्या मोठ्या शहरात आईचे रक्ताचे माणूस ते एकच. धरमतल्याला गाडी बदलून आई मला तिच्याकडे नेई. कार्तिकापासून वैशाखापर्यंत या ओळीपुढे 2 आकडा आहे. आषाढ ते आश्विन शून्य. यात मला नवल वाटले नाही. पावसात कोण जाते, असेच आम्हांला सांगितले जाई. पण वरची ओळ पाहिली. ज्या महिन्यांत श्यामबाजार 2 आहे, त्या महिन्यांत कचेरीचे 'जाणे 26' आहे आणि 'येणे' कोरे आहे. पावसाळ्यात दोन्हींपुढे 26.

नाना थंडीच्या दिवसांत मैदानाच्या कडेकडेने चालत घरी येत. प्रकृतीला बरे असते, असे ते सांगत, आणि आम्ही ते खरे मानीत होतो. पावसात भिजत दीड तास चालणे शक्य नव्हते, आणि म्हणूनच पावसात श्यामबाजार नव्हते. आकडे पुरते जुळत नाहीत हेही सांगितले पाहिजे : सव्वीस परतीच्या फेऱ्यांतून जेवढे वाचे, तेवढे आमच्या दोन भेटींना लागत नसे. उरलेले कोठे गेले ते वही सांगत नाही. माझी शाळेची फी त्याच महिन्यांत वाढली होती, एवढे खरे. आईला हे ठाऊक होते की नाही, तेही मला सांगता येणार नाही. नाना जाऊन कितीतरी वर्षे झाली आणि आई त्यांच्याही आधी गेली.

मावशी 1958 च्या श्रावणात वारली. आषाढ लागल्यापासून आई तिला भेटली नव्हती. त्या दिवशीच्या पानावर 'टॅक्सी, श्यामबाजार' अशी नोंद आहे; त्या सगळ्या वह्यांतील टॅक्सीची ती एकुलती एक नोंद. रक्कम कचेरीच्या पंधरवड्याच्या भाड्याहून अधिक आहे.

इंदूरला मी कालच पत्र टाकले. सातशे ऐंशीत अडीनडीचे दोनशे मिळव, असे लिहिले. आणि दमदमला तुझ्या आजीची एक मैत्रीण असते, तिच्याकडच्या महिन्यातून दोन फेऱ्या कचेरीच्या ओळीखालीच लिही, कार्यक्रमांच्या ओळीत नको, असेही लिहिले. मुलगी हसेल.

ती 1958 ची वही अजून टेबलावर आहे. कार्तिकात 'श्यामबाजार' ही ओळ सवयीने लिहिलेली आहे. पुढे आकडा नाही. वरच्या ओळीत 'जाणे 26' आहे, आणि 'येणे' याही वर्षी कोरेच आहे.